पाच गुणांचा परिच्छेद

फळ्यावर चार शब्द लिहितो, एकाखाली एक :
मुद्दा. ओळ. उकल. गाठ.
वेलदूरच्या शाळेत नववीचे एकवीस जण आज,
बाकीचे सात धक्क्यावर.
बांगडा लागलाय.

मी घाटावरचा, बार्शीकडचा.
अकरा वर्षं झाली तरी वारं कुठलं सुटलंय
ते मला कुणालातरी विचारावं लागतं.
पण परिच्छेद मला येतो.
आधी काय म्हणायचंय ते एका वाक्यात म्हणा,
मग पाठातली ओळ द्या, जशीच्या तशी, अवतरणचिन्हांत,
मग सांगा, ती ओळ तेच कशी म्हणते.
आणि शेवटी गाठ मारा, नाहीतर सगळं सुटतं.

"म्हणजे जाळंच, सर," तन्मेष जांभारकर म्हणतो,
मला खूश करायला.
जाळं नाही रे. परिच्छेद.
(प्रत्येक गोष्टीचं जाळं करायला
आम्हीच शिकवलं यांना,
निबंधात बरं दिसतं म्हणून.)

वह्या येतात.
'हा पाठ मला खूप आवडला.
या पाठातून आपल्याला मोलाचा बोध मिळतो.'
चौदा वह्यांत तोच बोध, गाइडातला,
चूकही तीच : 'दीपगृह'मधला दी ऱ्हस्व.
लाल पेनाने विचारतो, कशावरून?
पुढच्या वहीत, कशावरून?
तिसऱ्या वहीपासून नुसतंच प्रश्नचिन्ह.

पाठ सातवा. बेटावरचा बत्तीवाला म्हातारा,
एकटा. मुलगा बोटीवर गेलेला.
तात्पर्य सोपं आहे : कर्तव्यनिष्ठा.
दरवर्षी मीच सांगतो
आणि पोरं लिहून घेतात.

मुबीना होडेकरची वही खालून तिसरी.
मुद्दा : म्हातारा घाबरलेला आहे.
मी पेन उचलतो. थांबतो.
पहिल्या पानावरची ओळ :
"तो रोज सातच्या ठोक्याला दिवा लावी."
शेवटच्या पानावरची :
"साडेसहालाच बेटावर उजेड होता."
उकल : घाबरला, असं लेखक कुठेच म्हणत नाही.
तो फक्त अर्धा तास म्हणतो.

अकरा वर्षं.
हा अर्धा तास मी पाहिलाच नव्हता.

"कसं गं कळलं?"
ती उभी राहते. कोळंबी सोलून
बोटांची टोकं पांढरी पडलेली, ती ओढणीत लपवते.
"मामूची होडी यायला उशीर झाला ना,
की नानी मागच्या दारचा बल्ब
उजेड असतानाच लावते.
मग तिला कुणी काय विचारत नाय."
जरा थांबून,
"हे लिहू, सर?"

नियम माझाच : पुरावा पाठातलाच हवा.
घरचं, ऐकलेलं, मनातलं चालायचं नाही.
"नको," म्हणतो.
ती मान डोलावते, बसते.
मी उगाच फळ्याकडे वळतो.
मुद्दा कसा मांडायचा ते शिकवलं.
ओळ कुठून घ्यायची तेही.
उकल कुठून येते,
हे तिथे लिहिलेलं नव्हतं.
हातात खडू आहे, आणि मागे कुणीतरी बाकावर
पट्टी वाजवतंय.

गाठ तिने मारलेलीच नाही.
चौथ्या वाक्याची जागा कोरी, दोन ओळींची,
समास मात्र नीट आखलेला.
"वेळ पुरला नाही का?"
"नाय सर, पुरला.
पण बोट आली का नाय, ते पाठात सांगितलंच नाय."

बोर्डाचा तपासनीस इथे गुण कापेल.
कापायलाच हवा, मीच कापत आलोय.
साडेचार लिहितो. खोडतो.
पुन्हा साडेचारच लिहितो,
आणि खाली, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळ,
कारण काहीतरी लिहायला हवं.

संध्याकाळी खोलीवर उरलेल्या वह्या.
खिडकीतून बर्फाच्या कारखान्याचा आवाज,
सुकटीचा वास, ज्याला मी आता वास म्हणत नाही.
खाडीपलीकडे दाभोळचे दिवे लागू लागतात,
एक, मग दोन, मग पुष्कळ.

मी घड्याळात पाहतो.